डी.एड., बी.एड. झालंय, कोल्हापुरात शिक्षकाची कायमची नोकरी शोधताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेटचा, म्हणजे शिक्षक भरतीच्या परीक्षेचा, निकाल लागला की नाहीतर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडं त्याच त्याच प्रश्नांचे फोन यायला लागतात. कुणी चंदगडचं असतं, कुणी शिरोळचं, कुणी राजारामपुरीत खोली घेऊन अभ्यास करणारं. मी स्वतः बी.एड. आहे, अंशतः अनुदानित तुकडीवर, म्हणजे जिथं सरकार पगाराचा काही भागच देतं तिथं, शिकवते आणि संध्याकाळी पोरापोरींना पवित्रचे, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरती पोर्टलचे, फॉर्म भरायला मदत करते. म्हणून म्हटलं, सगळं एकदा एका जागी लिहून ठेवावं.

डिग्री आहे, टीईटी (पात्रता परीक्षा) पास आहे, शाळेत जागा पण रिकामी दिसते, मग नोकरी का मिळत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात जवळजवळ दरवेळी असं असतं की आपलंच काहीतरी कमी पडतंय. तसं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

झालंय काय, तर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी, म्हणजे शाळेतल्या पोरांची प्रत्यक्ष मोजणी झाली, त्यात बोगस पट (नुसती कागदावरची पोरं) बाहेर आला, मग २०१२ मध्ये सरकारनं शिक्षक भरती बंद केली, आधी अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळांत सामावून घेणं (समायोजन) आणि मगच नवीन भरती असं धोरण आलं, आणि हे 'मगच' यायला कितीतरी वर्षं गेली. पहिली टेट झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी झाली थेट २०२३ च्या सुरुवातीला, तिसरी २०२५ मध्ये. मधल्या काळात डी.एड. कॉलेजं आणि बी.एड. कॉलेजं मात्र चालूच होती, फी घेत होती, दरवर्षी नवीन पोरं बाहेर पडत होती. म्हणजे रांग वाढत गेली आणि खिडकी पाच-सहा वर्षांतून एकदा उघडली.

दुसरं कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होणं. शाळेत किती शिक्षक पाहिजेत हे पटावर ठरतं, पट आधारला जोडलाय, एखाद्या पोराचं आधार मॅच होत नसेल तर ते वर्गात बसलेलं असलं तरी बऱ्याचदा मोजणीत धरलं जात नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर पट आधीच कमी, तिथं दोन-चार पोरं मोजणीतून गेली की अख्खं पद जातं. म्हणून एकीकडं एक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतोय आणि कागदावर मात्र 'पद मंजूर नाही'.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचा हुकूम काढला ते हे कोल्हापूर. इथल्या डोंगरातल्या शाळेला शिक्षक मिळत नाही आणि शिक्षक होऊ बघणारी पोरगी शहरात कपड्याच्या दुकानात उभी राहते, हे मला सहन होत नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

टीईटी आणि टेट यात फरक काय?

टीईटी ही पात्रता परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आपल्याकडं २०१३ पासून. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी १५० मार्कांचा. ओपनला ६० टक्के, राखीवला ५५ टक्के पाहिजेत. एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, पूर्वी सात वर्षांची मुदत होती ती आता नाही, त्यामुळं कपाटात जुनं सर्टिफिकेट पडलं असेल तर काढून ठेवा.

टेट म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० मार्क, २०० प्रश्न, दोन तास. यात पास-नापास नसतं, फक्त मार्क असतात आणि त्या मार्कांवर तुमचा नंबर लागतो. टीईटीनं तुम्ही दारापर्यंत येता, आत कोण जाणार हे टेटचे मार्क ठरवतात. नववी ते बारावीला शिकवायचं असेल तर टीईटी लागत नाही, पण टेट द्यावीच लागते.

सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, झाली असेल तर पहिली ते आठवीला ती पण चालते.

बी.एड. वर पहिली ते पाचवीला लागता येईल का?

नाही. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये हा विषय संपवला, प्राथमिकला डी.एड. म्हणजे आताचं डी.एल.एड. च लागतं. बी.एड. वाल्यांनी पेपर २ आणि नववी-दहावीच्या जागांवर लक्ष द्यायचं.

पवित्र पोर्टलवर नेमकं काय करायचं असतं?

टेट दिल्यावर पोर्टलवर तुमचं स्वप्रमाणपत्र भरायचं, म्हणजे शिक्षण, विषय, माध्यम, आरक्षण, समांतर आरक्षण सगळं. मग जाहिराती येतात, त्यात तुमच्या पात्रतेप्रमाणं जागा दिसतात, त्यांचा प्राधान्यक्रम लावायचा आणि लॉक करायचा. लॉक न करता नुसतं सेव्ह करून कॅफेतून घरी गेलेली पोरं मी बघितलीत, मार्क चांगले असून यादीत नाव नाही. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी साईट रांगत असते.

जागा दोन प्रकारच्या. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका यांच्या जागा मुलाखतीशिवाय, सरळ टेटच्या मार्कांवर. खाजगी अनुदानित संस्थांना मात्र निवड आहे, मुलाखतीशिवाय पण घेऊ शकतात किंवा मुलाखतीसह पण, आणि मुलाखतीसह असेल तर पोर्टल एका जागेला अनेक उमेदवार पाठवतं आणि त्यातला एक संस्था निवडते. आता तिथं पैशाचं काय बोलणं होतं ते खाली डोनेशनच्या प्रश्नात लिहिलंय.

जिल्हा निवडताना एक सांगते. 'आधी कुठंही लागू दे, नंतर बदली करून कोल्हापुरात येऊ' या हिशेबानं लांबचे जिल्हे भरू नका. आंतरजिल्हा बदलीच्या नादात संसाराची दोन टोकं झालेली शिक्षक जोडपी आपल्या आसपास किती आहेत बघा. गडचिरोली, नंदुरबारला मनापासून राहायची तयारी असेल तर जरूर भरा, तिथल्या पोरांना पण शिक्षक पाहिजेच आहे.

कागदपत्रं म्हणाल तर नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, डोमिसाईल हे तारखेत असलं पाहिजे. एका तारखेच्या फरकानं पडताळणीत माणूस बाहेर गेलेला आहे. नावात बदल असेल, म्हणजे लग्नानंतरचं नाव, तर राजपत्राची प्रत आत्ताच काढून ठेवा.

संस्थेत डोनेशन देऊन लागावं का? सगळे देतातच म्हणे.

यावर सविस्तर लिहिते, कारण यात घरंच्या घरं बसलेली बघितलीत.

साधारण असं होतं. कुणीतरी मधला माणूस सांगतो की अमुक संस्थेत जागा आहे, साहेबांशी बोलणं झालंय, इतके लाख, निम्मे आता आणि निम्मे मान्यता आल्यावर. मग वडील उसाचं बिल आलं की बघू म्हणतात, सोसायटीचं कर्ज काढतात, आईचं गंठण गहाण पडतं, कधी रस्त्याकडंचं अर्धा एकर जातं. पैसे रोख, पावती नाही. पोरगी शाळेत जायला लागते, हजेरीपत्रकात नाव कधी असतं कधी नसतं. वर्ष होतं, दोन होतात. मान्यतेचं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'फाईल साहेबांच्या टेबलावर आहे'. मधला माणूस फोन उचलत नाही. आणि पोरगी नोकरी सोडू शकत नाही, कारण सोडली तर पैसे गेलेच. ती अडकते. इतकी हुशार, वर्गावर जीव असलेली बाई नुसती अडकून बसते.

आता नियम काय आहे ते बघा. २०१७ पासून अनुदानित शाळेतल्या जागासुद्धा टेटच्या गुणवत्तेवर आणि पवित्र मधून भरायच्या आहेत. पोर्टल सोडून केलेल्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळत नाही, मान्यता नाही म्हणजे शालार्थ आयडी (सरकारी पगाराच्या ऑनलाईन यादीतला नंबर) नाही, शालार्थ नाही म्हणजे सरकारी पगार नाही. मग काही ठिकाणी मागच्या तारखेची ऑर्डर काढतो, २०१२ च्या आधीची दाखवतो असं सांगतात. २०२५ मध्ये नागपूर भागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि त्या आयडीवर पगार घेणारे शिक्षक पण चौकशीत आले. पैसे देऊन घेतलेली नोकरी अशी मानगुटीवर बसते.

अल्पसंख्याक संस्थांना पवित्र लागू नाही, त्या स्वतः भरती करू शकतात, त्याचा फायदा घेऊन कुणी 'आमचं अल्पसंख्याकमध्ये येतं' म्हणाला तर अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायचं.

कुठलीही संस्था असू दे, ही चार कागदं मागा: चालू वर्षाची संचमान्यता, बिंदुनामावलीची (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची त्या यादीची) तपासलेली प्रत, जाहिरात द्यायला मिळालेली परवानगी, आणि जागा कशामुळं रिकामी झाली त्याचा पुरावा, म्हणजे कोण रिटायर झालं ते. खरी जागा असेल तर कागद असतो. कागद मागितल्यावर 'विश्वास नाही का आमच्यावर' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघायचं, आणि वडिलांना सोबत घेऊन निघायचं, कारण बापाचा जीव पोरीच्या नोकरीपायी हळवा झालेला असतो, तो एकटा असला की हो म्हणून बसतो.

विनाअनुदानित वर लागू का? पुढं अनुदान येईल म्हणतात.

पूर्वी 'कायम विनाअनुदानित' म्हणून शाळा दिल्या, २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला, आणि तेव्हापासून शाळेची तपासणी (मूल्यांकन), अनुदानाला पात्र म्हणून नाव जाहीर होणं (घोषित) किंवा न होणं (अघोषित), मग २० टक्के, ४० टक्के असा टप्प्याटप्प्यानं प्रवास चाललाय. एकेका टप्प्यासाठी शिक्षकांना मुंबईला आझाद मैदानावर पावसात बसावं लागलंय. २० टक्के टप्प्यावर म्हणजे पगाराचा पाचवा भाग हातात येतो आणि काम पूर्ण. माझ्या आजूबाजूला अशी माणसं आहेत की ज्यांची पोरं दहावीला गेली आणि त्यांचा स्वतःचा पूर्ण पगार अजून सुरू झालेला नाही, सुट्टीत ते शेतात जातात, कुणी दूध संकलनावर जातं, कुणी रिक्षा चालवतं. तरी सोमवारी फळ्यासमोर उभे राहतात आणि त्यांच्या वर्गाचा निकाल चांगला लागतो.

तर लागायचं का? शाळा आधीच अनुदानाच्या टप्प्यावर असेल, तुमचं पद संचमान्यतेत असेल आणि नेमणूक रीतसर असेल तर विचार करा. यातलं एक जरी नसेल तर नको. 'पुढच्या अधिवेशनात होतंय' या वाक्यावर आयुष्य लावू नका.

नेमणूक मिळाली, पण दर एप्रिलला काढतात आणि जूनमध्ये परत बोलवतात. कायम कधी धरतील?

हा प्रकार लई जुना आहे. खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे आणि १९८१ ची नियमावली, शिक्षकांच्या तोंडी एमईपीएस. रिकाम्या कायम पदावर रीतसर नेमणूक झाली तर ठरलेला परिविक्षा काळ (प्रोबेशन) पुरा केल्यावर कायम धरलं जातं, शिक्षणसेवक (सुरुवातीला ठरावीक मानधनावर घेतलेले शिक्षक) असाल तर तो काळ तीन वर्षांचा. म्हणून काही ठिकाणी दरवर्षी 'तात्पुरती नेमणूक, सत्रअखेर आपोआप समाप्त' अशी ऑर्डर देतात, म्हणजे सलग नोकरीची साखळी तुटते.

ऑर्डरचा प्रत्येक शब्द वाचा. कायम रिक्त पदावर आहे का रजेच्या जागेवर, परिविक्षाधीन लिहिलंय का तात्पुरती, ठराव क्रमांक आहे का. कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका, कुणीही सांगू दे. हजेरीपत्रकाचे, वेळापत्रकाचे, परीक्षेच्या नेमणुकीचे फोटो काढून ठेवा, मुख्याध्यापकांनी दिलेली प्रत्येक चिठ्ठी जपा. ही सवय पहिल्या दिवसापासून, भांडण झाल्यावर नाही.

काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण मुदत ३० दिवसांची आहे, आणि ते दिवस 'बघू, साहेब बोलावतील' म्हणण्यात निघून जातात. पत्र हातात पडल्या पडल्या वकिलाला दाखवा. हायकोर्टाचं काम असेल तर ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडं कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, पूर्वी एका तारखेसाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठावी लागायची, आता आजऱ्याची बाई पण सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकते. शिक्षकांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

शिक्षणसेवक म्हणून लागल्यावर पगार किती?

जानेवारी २०२३ पासून पहिली ते आठवीला महिना १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. तीन वर्षं हेच, मग पूर्ण वेतनश्रेणी. त्याआधी प्राथमिकला ६,००० होते, त्या पैशात परजिल्ह्यात खोली घेऊन राहिलेली माणसं आज तुमचे केंद्रप्रमुख असतील, त्यांना विचारा कसं भागवलं. १६,००० पण पुरत नाहीत, हे मी सरळ म्हणते. तीन वर्षांचं भाडं, मेस आणि गावी जायचं एसटीभाडं धरून हिशेब मांडूनच निघा.

कंत्राटी शिक्षक म्हणून जाहिरात आली तर भरावी का?

२०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर १५,००० मानधनावर डी.एड., बी.एड. वाल्यांना कंत्राटी घ्यायचा निर्णय निघाला आणि नंतर तो मागं पण घेतला. अशा नेमणुकीतून कायमपणाचा हक्क तयार होत नाही. घरची अडचण असेल तर करा, अनुभव मिळतो, पण टेटचा अभ्यास एक दिवस पण सोडू नका.

तोवर इंग्लिश मीडियमला शिकवलं तर?

शिकवा, वर्गावरचा हात सुटत नाही. फक्त पगाराचं नीट बघा. काही ठिकाणी बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि दोन दिवसांत त्यातला मोठा भाग रोख परत न्यायचा असतो. माझी एक मैत्रीण दर महिन्याला एटीएममधून नोटा काढायची, पाकिटात घालायची, ऑफिसात क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि मग पहिल्या तासाला मूल्यशिक्षण शिकवायला जायची. शाळेचं नाव घेत नाही. एवढंच सांगते की असं असेल तर पासबुकाच्या एंट्र्या आणि पैसे काढल्याच्या स्लिपा जपून ठेवा. मूळ सर्टिफिकेटं शाळेत ठेवून घेतो म्हणाले तर अजिबात देऊ नका, झेरॉक्स द्या.

एम.ए., सेट झालंय, कॉलेजचं काय?

तिथं सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. तासाचे पैसे, शिकवला तेवढाच तास, दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळा कोरडा, आणि मानधन महिनोन्महिने अडकतं. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात सेट, नेट, पीएच.डी. झालेली माणसं एका दिवसात दोन कॉलेजं करताना दिसतील, सकाळी एक तालुका, दुपारी दुसरा. बी.एड. पण झालं असेल तर ज्युनिअर कॉलेजच्या जागेसाठी टेट देऊन ठेवा, दोन दारं उघडी राहतात.

टीईटीत घोटाळे होतात, प्रामाणिक अभ्यास करून उपयोग आहे का?

राग येणं बरोबर आहे. २०१९-२० च्या टीईटीत नापास उमेदवारांना पैसे घेऊन पास केल्याचं २०२१ च्या शेवटी उघड झालं, साडेसात हजारांवर लोकांवर कारवाई झाली. नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीच्या तोंडावर आपल्याच जिल्ह्यात, कागल तालुक्यात, पेपर देतो म्हणून उमेदवारांना गोळा करणारी टोळी पोलिसांनी पकडली. ज्यांनी लाखो रुपये मोजायची तयारी केली ती पण कुणाचीतरी शिकलेली पोरंच होती, हे मनाला लागतं.

पण दुसरी बाजू पण बघा. २०२३ च्या टेटवर झालेल्या भरतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये २१,६७८ जागांची प्रक्रिया झाली आणि पहिल्याच यादीत ११ हजारांवर शिफारशी लागल्या, एक रुपया न देता, सरळ मार्कांवर. आपल्या भागातली शेतमजुरांची, गिरणी कामगारांची पोरं त्यात लागली. मार्कांचा रस्ता अरुंद आहे, पण त्यावरूनच माणसं आत गेली आहेत. पेपर मिळतोय असा मेसेज आला तर पैसे तर देऊ नकाच, पोलिसांना कळवा.

मी आधीच नोकरीत आहे, मला टीईटी लागते का?

सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. पाच वर्षांच्या आत असाल तर नोकरी राहते, बढतीसाठी मात्र टीईटी लागते. पन्नाशीतल्या बाई परत बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडून बसल्या आहेत. नवीन पोरांनी त्यांना अभ्यासाला मदत करावी असं मला वाटतं, कारण वर्गातलं त्या शिकवतील तुम्हाला.

माझं वय होत आलंय. किती वर्षं वाट बघू?

ओपनला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही साधारण मर्यादा, मध्ये एकदा दोन वर्षांची सूट पण दिली होती. भरती वेळेवर झाली नाही ही चूक सरकारची आणि वय निघून गेलं ते उमेदवाराचं, म्हणून सूट मागणं ही भीक नाही, आंदोलनाला दसरा चौकात बसायची वेळ आली तर बसलं पाहिजे.

पण घरचा विचार पण करायला लागतो. मुलींना स्थळ बघायला येणारे पहिलं विचारतात, 'कायम आहे का?' मुलांना तर लग्नाचंच अवघड झालंय. माझं मत असं की टेटच्या दोन खेपा मन लावून द्या आणि त्या काळात दुसरं काहीतरी हाताशी ठेवा, मग ती घरची शिकवणी असो, बँकेची, तलाठ्याची परीक्षा असो. ट्युशन घेणारा माणूस शिक्षक नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालायला पण जाऊ नका.

चौकशी कुठं करायची?

पहिली ते आठवीचं काम नागाळा पार्कात जिल्हा परिषदेत प्राथमिक विभागात, नववीपासून पुढचं माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं, शहरातल्या मनपा शाळांचं महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडं, शालार्थचं उपसंचालक कार्यालयात. तोंडी विचारून परत येऊ नका, अर्ज दोन प्रतीत न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून त्याच विषयाची माहिती मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकटं जायला दडपण येत असेल तर दोघी-तिघी मिळून जा.